माईक चालू होता

ताराचंद गोंडाणे यांचा माईक १९७२ सालच्या डिसेंबरात बंद पडला नव्हता, एवढी साधी गोष्ट नागपुरात मान्य व्हायला नऊ वर्षं लागली. पूर्ण मान्य झाली असं अजूनही म्हणवत नाही. मी हे लिहितो आहे, कारण त्या संध्याकाळी मी मैदानात होतो आणि नंतर जे काही झालं त्यातही होतो. त्यातला माझा वाटा फारसा शोभेचा नाही.

ताराचंदभाऊ नागपुरातल्याच इंदोऱ्याचे. वडील गिरणीत होते. मुलानंही गिरणीत जावं अशी त्यांची इच्छा होती, पण ताराचंदभाऊंना लहानपणापासून आवाजाचं वेड. कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेला एक वायरलेसवाला होता, त्याच्याकडे तीन वर्षं रोज सायकल मारून ते काम शिकले आणि स्वतःचं मशीन, दोन माईक आणि चार भोंगे घेऊन धंद्याला लागले. लाउडस्पीकर म्हटला की तो मधूनमधून किंचाळणारच, अशी लोकांची तेव्हा समजूत होती. ताराचंदभाऊंचा किंचाळायचा नाही. त्यामुळे लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो की निवडणुकीची सभा, उत्तर नागपुरात लोक आधी ताराचंद मोकळा आहे का ते पाहायचे आणि मग तारीख ठरवायचे.

आता आमच्याबद्दल. मुंबईला तेव्हा रिकी तुफान नावाचा एक गायक होता. हिंदी आणि इंग्रजी एकत्र कालवून गायचा, गिटार कमरेखाली लटकवायचा आणि कार्यक्रमाच्या शेवटी ती रंगमंचावर आपटायचा. आम्ही बाविशी-तेविशीतले. गिटार विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती, त्यामुळे ती आपटणाऱ्याबद्दल आम्हाला विलक्षण आदर होता. रुपराव नावाच्या माझ्या मित्रानं 'रिकी तुफान रसिक मंडळ, नागपूर' स्थापन केलं. तो अध्यक्ष, मी चिटणीस. सभासद अकरा. आमच्या कागदावर गिटारचं चित्र होतं. छापखानेवाल्याकडे गिटारचा ठसा नसल्यामुळे त्यानं सतारीचा ठसा वापरला होता, पण लांबून चालून जायचं.

तर १९७२ च्या डिसेंबरात रिकी तुफान कस्तुरचंद पार्कवर येणार असं ठरलं. माईकचं काम ताराचंदभाऊंना मिळालं. त्यांनी दुपारी बारापासून खांब उभारले, तारा ओढल्या. सहाला कार्यक्रम. सहा वाजले, साडेसहा वाजले, सात वाजून गेले. रिकीचा पत्ता नाही. चार-पाच हजार माणूस थंडीत शिट्ट्या मारत बसलेलं. शेवटी त्याचा मॅनेजर रंगमंचावर आला, माईकसमोर उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, की इथली माईकची व्यवस्था पूर्ण निकामी झालेली आहे, रिकीसाहेब असल्या माईकवर गाऊ शकत नाहीत, कार्यक्रम रद्द.

माईक निकामी झाल्याची ही घोषणा आम्ही माईकवरून ऐकली. अगदी स्वच्छ. मी शेवटून चौथ्या रांगेत होतो, मला मॅनेजरचा खोकलासुद्धा ऐकू आला. पण एकाच्याही मनात काही आलं नाही. पुढून कोणीतरी ओरडलं, "माईकवाल्याले धरा," आणि सगळे धरायला निघाले. ताराचंदभाऊ मशीनच्या पुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांच्या छातीशी माईक होता. ते म्हणाले, "भाऊ, माईक चालू आहे." हेही मैदानभर ऐकू गेलं. त्यानंतर लोकांनी तो माईक, मशीन आणि दोन भोंगे फोडले. ताराचंदभाऊंच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. एक लोखंडी खुर्ची मीही फेकली होती. ती कोणाला लागली ते मी पाहिलं नाही. पाहायला थांबलो नाही, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

खांदा दोन महिन्यांत जुळला. नाव मात्र जुळलं नाही. ताराचंद गोंडाणेचं 'माईक फेल' झालं. लग्नघरचे लोक म्हणत, "माणूस चांगला आहे हो, पण ऐन मंगलाष्टकात बंद पडलं तर?" कामं तुटली. उरलेला एक माईक, दोन भोंगे आणि फुटलेलं मशीन घरात पलंगाखाली गेलं. ताराचंदभाऊ जरीपटक्याच्या बाजारात एका कापडदुकानाच्या जिन्याखाली ट्रान्झिस्टर दुरुस्तीला बसू लागले आणि त्यांची बायको जयवंताबाई शेजारणींचे ब्लाऊज शिवू लागली. गिऱ्हाईक रेडिओ टेबलावर ठेवताना हसून विचारायचं, "फेल तर नाही होणार ना गा?" ताराचंदभाऊ "संध्याकाळी घेऊन जा" एवढंच म्हणायचे.

अशी नऊ वर्षं गेली. आमच्या मंडळातले बहुतेकजण नोकरीला लागले, काहींची पोटं सुटली. रुपराव एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून झाला, पण रिकीसारखे केस त्यानं सोडले नव्हते. केस मात्र त्याला सोडू लागले होते. मंडळात एकच नवीन सभासद आली होती, चारुशीला. एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. रिकीच्या गाण्यांतले इंग्रजी शब्द नक्की काय आहेत ते समजावं म्हणून आम्ही तिला घेतलं होतं. ते समजल्यावर काही गाण्यांबद्दल आमचा थोडा विरस झाला, पण ते असो.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात रिकी तुफानची मुलाखत आली. पाच पानं. रविवारी सकाळी रुपरावच्या बैठकीत आम्ही जमलो आणि चारुशीला एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगू लागली. रिकीनं मन मोकळं केलं होतं. दारू किती प्यायचो, बायकोला कसं सोडलं, दुसऱ्याच्या चाली आपल्या म्हणून कशा खपवल्या, सगळं. आम्ही माना डोलवत होतो. मग ती चौथ्या पानावर आली.

"एकदा नागपूरला," चारुशीला वाचू लागली आणि आम्ही सावरून बसलो, "मी हॉटेलच्या न्हाणीघरात शुद्ध हरपून पडलो होतो. मॅनेजरला सांगितलं, माईक बिघडला म्हणून सांगून टाक. नंतर कळलं की लोकांनी तिथल्या कोणा माणसाला मारलं. आम्ही कित्येक वर्षं त्यावर हसायचो. आज मला त्याचा अभिमान वाटत नाही. पण तेव्हा मी फार दुःखात होतो. माझा गिटारवाला मला सोडून गेला होता."

रुपरावच्या डोळ्यांत पाणी होतं.

"केवढं मोठं मन," तो म्हणाला. "नऊ वर्षांनी माणूस स्वतःहून सांगतो. आणि नागपूरचं नाव घेऊन सांगतो."

"गिटारवाला सोडून गेला होता बिचाऱ्याचा," दुसरा एकजण म्हणाला.

तिथून वाद सुरू झाला तो तीन रविवार चालला. मंडळात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, ज्यानं चूक कबूल केली त्याची चूक संपली, आता त्याला बोल लावणं हा कोतेपणा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, कलावंत झाला म्हणून काय झालं, त्यानं वैयक्तिक जबाबदारी घेतली पाहिजे. ती कशी घ्यावी यावर या पक्षात पुन्हा दोन मतं होती. काही म्हणत, त्यानं नागपूरला येऊन राहिलेला कार्यक्रम करावा, पहिल्या रांगेत मंडळाला जागा द्यावी. काही म्हणत, निदान सहीचा फोटो पाठवावा. मी चिटणीस असल्यामुळे दोन्हीकडचं टिपून घेत होतो. वाद इतका रंगला की रुपरावची आई चहा ठेवून ठेवून कंटाळली आणि तिसऱ्या रविवारी शेजारच्या यमुताईंकडे हळदीकुंकवाला निघून गेली.

त्याच तिसऱ्या रविवारी चारुशीलानं विचारलं, "ज्याला मारलं तो माणूस कोण होता?"

ती मूळची अकोल्याची, बहात्तर साली इथे नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रुपराव खिडकीबाहेर पाहू लागला. मी म्हणालो, "जरीपटक्याला बसतो. ट्रान्झिस्टर दुरुस्त करतो."

"जिवंत आहे?"

"हो. माझा रेडिओ त्याच्याकडेच असतो."

"आणि तीन आठवड्यांत त्याला हे कोणी सांगितलं नाही?"

यावर दोन्ही पक्षांचं पहिल्यांदा एकमत झालं. सांगायला हवं होतं, असं सगळेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारुशीला आणि मी जरीपटक्याला गेलो. बाजार भरलेला होता. ताराचंदभाऊ जिन्याखाली एका उघड्या ट्रान्झिस्टरवर वाकून बसले होते. चारुशीलानं अंक काढला, तो परिच्छेद आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचला. ताराचंदभाऊंनी तारांना डाग देण्याचं तापलेलं हत्यार बाजूला ठेवलं.

"पुन्हा वाचा, मॅडम," ते म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं.

"माझं नाव लिवलं काय त्यानं?"

"नाही. 'तिथला कोणी माणूस' असं लिहिलंय."

"अन् माईक चालू होता, असं लिवलं?"

चारुशीलानं परिच्छेद मनात वाचून पाहिला. "तसं सरळ नाही लिहिलेलं. बिघडला असं सांगायला लावलं, एवढंच आहे."

"म्हणजे बिघडला बी असन, अन् सांगतलं बी असन, असं कोणी म्हणू शकते."

मला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. मुलाखत वाचल्यापासून माझ्या मनात एक उदात्त भावना दाटून आली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ताराचंदभाऊ, आज मलाही तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवशी एक खुर्ची मी फेकली होती."

ते मला जवळ घेतील, निदान त्यांचे डोळे भरून येतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पुन्हा हत्यार उचललं.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "तुमचा शर्ट पिवळा होता."

"नऊ वर्षं तुम्हाला माहीत होतं? मग बोलला काहून नाही?" माझ्या तोंडून घरातली भाषा निघाली.

"तुमी रेडिओ घेऊन येत होते. रेडिओबद्दल बोलत होते. मी रेडिओबद्दल बोललो."

निघताना त्यांनी तो अंक ठेवून घेतला. परतताना बसमध्ये चारुशीला माझ्या शेजारची रिकामी जागा सोडून पुढे जाऊन बसली.

मी हा सगळा वृत्तांत मंडळाला सांगितला, खुर्चीचा भाग वगळून. रुपराव उत्साहानं उठून उभाच राहिला. परिसंवाद घ्यायचा असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. विषय, 'कलावंत आणि वैयक्तिक जबाबदारी'. धंतोलीतल्या एका वाचनालयाचं सभागृह मिळालं. ताराचंदभाऊंना मंचावर बसवायचं, हार घालायचा. "आणि येणारच आहेत," रुपराव म्हणाला, "तर मशीन घेऊनच या म्हणावं. माईक लागेलच आपल्याला."

हा निरोप द्यायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा जयवंताबाई मशीनवर शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला.

"सत्कार बी त्याइचा अन् माईक बी त्याइचाच?" त्या म्हणाल्या. "खुर्च्या बी घेऊन याव्या काय भाऊ?"

"खुर्च्या नको," मी घाईनं म्हणालो.

ताराचंदभाऊ आतून आले. "येतो म्हणा," ते म्हणाले. "पलंगाखालचे भोंगे काढ वं जयवंता. पाहू तरी."

परिसंवादाला साठ-सत्तर माणसं जमली. ताराचंदभाऊ मंचावर बसायला तयार झाले नाहीत. त्यांनी पुन्हा जुळवलेलं मशीन डावीकडच्या कोपऱ्यात होतं, त्याच्याजवळच ते स्टुलावर बसले. रुपरावनं हार तिथे जाऊन घातला. जयवंताबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. आवाज इतका सुंदर येत होता की प्रत्येक वक्त्याला आपण चांगलं बोलतो आहोत असं वाटू लागलं, आणि भाषणं लांबली. एकानं ग्रीक शोकांतिकेपासून सुरुवात केली. एकानं रिकीच्या दुःखाची मीमांसा केली. जबाबदारी पक्षाच्या वक्त्यानं सहीच्या फोटोची मागणी ठामपणे मांडली. ताराचंदभाऊंचं नाव कोणीच घेत नव्हतं. सगळे 'ती घटना' म्हणत होते.

शेवटी रुपराव समारोपाला उभा राहिला. दोन ठराव तयार होते. पहिला, रिकी तुफान यांच्या धाडसी प्रामाणिकपणाबद्दल त्यांचं अभिनंदन. तो टाळ्यांत मंजूर झाला. मग तो दुसरा ठराव वाचू लागला, "आपल्या शहराचे सुपुत्र ताराचंद गोंडाणे यांनी उदार अंतःकरणानं श्री. रिकी तुफान यांना क्षमा केली, याबद्दल ही सभा..."

इथे आवाज गेला. रुपरावचे ओठ हलत होते, हात हलत होता, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. त्यानं माईकवर टिचक्या मारल्या. पाचव्या-सहाव्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "झाला फेल."

ताराचंदभाऊ स्टुलावरून उठले. त्यांना माईकची गरज नव्हती, सभागृह तसं लहानच होतं.

"फेल नाही झाला," ते म्हणाले. "मी बंद केला."

मग त्यांनी बटण फिरवलं, सावकाश मंचावर आले, रुपरावच्या पुढ्यातला माईक हातात घेतला. गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"मी कोणाले क्षमा केली नाही," ते म्हणाले. "मले कोणी मागतली बी नाही. मुंबईच्या माणसानं मुंबईच्या लोकाइले सांगतलं, तुमी इथं टाळ्या वाजवून राहिले. माझं त्यात काही नाही. मले फक्त एक पाहिजे. त्या दिवशी मैदानात जे जे होते, त्याइनं कागदावर लिवून द्या, का माईक चालू होता. आम्ही ऐकलं. एवढंच लिवा. सही करा."

ते खाली जाऊन पुन्हा स्टुलावर बसले.

असा प्रश्न परिसंवादात येईल याची कोणालाच कल्पना नव्हती. रुपरावनं विचारलं की त्या दिवशी कोण कोण उपस्थित होतं. इतकी वर्षं नागपुरात ज्याला त्याला विचारा, तो रिकीच्या त्या कार्यक्रमाला गेलेलाच असायचा. त्या सभागृहात मात्र फारच थोडे गेलेले निघाले. कोणी तेव्हा आजारी होतं, कोणी फाटकापर्यंत येऊन परतलं होतं. जे होते त्यांच्यातले बरेचसे मागे बसले होते आणि मागे नीट ऐकू आलं नव्हतं.

"मागे नीट ऐकू आलं नाही असं लिहू नका," चारुशीला म्हणाली, "नाहीतर माईक फेल झाला असा अर्थ होईल."

मग मजकुरावर चर्चा झाली. तिला पाऊण तास लागला. रुपरावनं 'माईक बहुधा चालू असावा' असं सुचवलं. दुसऱ्यानं 'आमच्या स्मरणाप्रमाणे' घालायला सांगितलं. ग्रीक शोकांतिकावाल्यानं 'तांत्रिकदृष्ट्या' हा शब्द आवश्यक मानला. चारुशीला प्रत्येक वेळी कागदावर नवीन शब्द लिहायची, वाचून दाखवायची आणि ताराचंदभाऊ नुसती मान हलवायचे. शेवटी जयवंताबाई मागून चालत पुढे आल्या.

"लिवायचं काय त्यात एवढं?" त्या म्हणाल्या. "ऐकू आलं का नाही आलं?"

"आलं," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कागद घेतला, 'माईक चालू होता' एवढं लिहिलं आणि सही केली. उदात्त भावना वगैरे त्या क्षणी काही नव्हती. जयवंताबाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या, एवढंच. माझ्यामागून आणखी सहाजणांनी सह्या केल्या. त्यांतली सर्वांत शेवटची रुपरावची, आणि तिच्याखाली त्यानं 'व्यक्तिशः, मंडळाच्या वतीने नव्हे' असं लिहिलं.

सात सह्यांसह तो मजकूर चारुशीलानं एका स्थानिक दैनिकात नेऊन दिला. तो वाचकांच्या पत्रांत, नळाच्या तक्रारीखाली छापून आला. मंडळ त्यानंतर फुटलं. रिकीची नाहक बदनामी झाली म्हणून चारजण बाहेर पडले आणि त्यांनी दुसरं मंडळ काढलं. अभिनंदनाच्या ठरावासोबत आम्ही ताराचंदभाऊंचं नाव आणि फोटोची मागणी कळवली होती; तिला रिकी तुफानचं उत्तर आलं, तेही चार महिन्यांनी. सहीचा फोटो होता. 'नागपूरच्या माझ्या प्रिय मित्रास, रामचंद यास, प्रेमपूर्वक.' जबाबदारी पक्षाच्या मते मागणी पूर्ण झाली होती. मी तो फोटो नेऊन दिला. ताराचंदभाऊंनी नाव वाचलं, फोटो परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा कोणाचा तरी चुकून आला, भाऊ."

वर्तमानपत्रातल्या त्या पाच ओळींनी जादू झाली असं नाही. जरीपटक्यातले जुने लोक अजूनही त्यांना माईक फेलच म्हणत होते, फक्त आता म्हणताना थोडं थांबत होते. पण पुढच्या वैशाखात कामठीहून दोघेजण जिन्याखाली येऊन उभे राहिले. बुद्धजयंती होती, मोठी सभा होती, आणि नेहमीच्या माणसाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून लोक वैतागले होते. "तुमचं चालू असते म्हणे," त्यांतला एक म्हणाला.

मी त्या सभेला गेलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं. दोन जुने भोंगे रंगवून निळे केले होते, दोन नवे होते. ताराचंदभाऊ डावा खांदा सांभाळत शिडी चढले, तारा बांधल्या, खाली उतरले. मी शिडी धरतो म्हणालो तर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शिडीकडे, आणि म्हणाले, "धरा. पण दोन्ही हातानं."

सभा सुरू व्हायच्या आधी ते मैदानाच्या अगदी टोकाला गेले. तिथे विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी तुळसाबाई नावाची एक म्हातारी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"आजी, आवाज येते काय?" त्यांनी विचारलं.

"येते ना बाप्पा," म्हातारी सुपातून नजर न काढता म्हणाली. "जरासा कमी कर."